“आहे ना एक जण!”

वणीच्या स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला तरी आप्पा माझी ट्रंक सोडेनात. निघताना वडील काय काय सांगतात, आमच्या आप्पांनी विचारलं, “जाती खरी, पन तार आली तर वाचायची कोनी?”

मी हसले. आमच्या गावात इंग्रजी वाचणारी मी एकटी. तारवाला दिसला की बाया आधी रडून घ्यायच्या, मग कागद माझ्याकडे यायचा. नातू झाल्याची तारसुद्धा आमच्याकडे रडूनच ऐकली जायची. ते सगळं सोडून मी शहात्तर साली नाशकाला, पाचवीच्या मुलींना इंग्रजी शिकवायला निघाले होते. डोक्यात हवा इतकी, की एसटीची खिडकी उघडायची गरज नव्हती.

ती हवा पहिल्याच आठवड्यात गेली. मुलींनी पहिला धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी कौतुकानं पुस्तकं मिटायला लावली, त्यातलंच एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, वाचा. पन्नास तोंडं बंद! मी हादरले. मुलींमुळे नाही, तर मीही अशीच पाठ करून पास झाले होते म्हणून.

मग बिस्किटाचा डबा आणला आणि त्यात इंग्रजी चिठ्ठ्या टाकल्या. खिडकी उघड, खडू आण, मैत्रिणीला पाणी दे. मुलीनं चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि तसं करून दाखवायचं. भलतंच केलं की वर्ग खो खो हसायचा. माझ्याही चिठ्ठीत चुका निघत, तेव्हा जरा जास्तच. पण दुसऱ्या वर्षी मुली नव्या चिठ्ठ्याही वाचू लागल्या, आणि मी नोकरीत कायम झाले.

त्या आनंदात तडक तारघर गाठलं. तारबाबू म्हणाले, “बाई, गावी इंग्रजी वाचणारं आहे का कोणी? नाहीतर देवनागरीत लिहा.”

“आहे ना एक जण!” मी ठसक्यात सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात आप्पा उभे. पाय अनवाणी, हातात तार.

“वाच बाई. तुझी आय कालपास्नं पान्याला शिवली नाय. मनमाडचं तर काय नसंल ना?”

मनमाडला रेल्वेत माझा भाऊ होता. मी धाडलेली तार साफ विसरले. तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच डोक्यात राहिलं. घडी उघडली, पण अक्षरं दिसेनात. इंग्रजीच्या बाई!

पुढच्या बाकावर सुमन बसायची, मखमलाबादच्या भाजीवाल्यांची. तिला वाटलं, आजची चिठ्ठी. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, नियमाप्रमाणे ओठ हलवत मनात वाचला आणि गोंधळून उभी राहिली.

“बाई, ह्याच्यात करायचं काहीच नाही. सगळं बरं आहे, नोकरी पक्की झाली, एवढंच. आणि खाली तुमचंच नाव आहे.”

आप्पा मटकन बाकावर बसले. “म्हंजे कोनीच गेलं नाय?”

“नाही हो, आप्पा.”

“मंग मराठीत सांगाया तोंड दुखत व्हतं का तुझं?”

वर्ग हसला. आप्पा मात्र पुढच्याच गाडीनं परतले, आईला पाणी पाजायला.

त्यानंतर दर मे महिन्यात बिस्किटाचा डबा माझ्याबरोबर गावी जाऊ लागला. आता तिथली पाच-सहा पोरं तार वाचतात. माझ्यावाचून काही अडत नाही त्यांचं. हे मीच केलं, आणि मलाच थोडं लागतं.

तारघरात मी सांगितलेला तो ‘एक जण’ कोण, हे तुम्हाला कळलंच असेल. गाव सोडून दोन वर्षं झाली होती, तरी गावची माणसं मोजताना मी स्वतःला धरलं होतं. तुमच्यातलेही जे निघून आलेत, ते या चुकीला हसणार नाहीत.

आता आई-आप्पा मनमाडला भावाकडे असतात. गावच्या घराला कुलूप आहे. तरी इथं नाशकात शेजारीण विचारते, “बाई, गावी कोण असतं तुमचं?” आणि मी विचार करायच्या आत तोंडातून निघून जातं, “आहे ना एक जण.”