उघडं वळण

दिनकर वाळंज गेल्याचं मला सुहास बेहेरेनं सांगितलं. मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, "सर, फाटकाशी कुणीतरी उभं आहे," आणि जाऊन पाहतो तर सुहास. गाडी रस्त्याच्या कडेला, दार उघडंच, आणि हा बाहेर उन्हात. त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच मी विचारलं, "दिनकर?" त्यानं मान हलवली. "सकाळी. खळ्यावर भात झोडत होते. दमलो म्हणून बसले... ते बसलेच." दिनकरच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, पौडहून पहिला फोन त्याला करायला लावला होता, मला नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

ज्यांनी त्या वर्षांतल्या मोटार रॅली पाहिल्या असतील, त्यांना दिनकर आणि सुहास ही नावं एकमेकांविरुद्धच आठवतील. वास्तविक दोघं एकाच संघाचे. कॅम्पातल्या एका टायर-व्यापाऱ्यानं हौसेनं उभा केलेला तो संघ, दोन फियाट गाड्यांचा. मी गणिताचा मास्तर, पण सुट्टीत आणि रजा काढून दिनकरच्या डाव्या हाताला बसायचो. मांडीवर नकाशा, गळ्यात घड्याळ, आणि पुढचं वळण कोणतं, किती, कसं, हे इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगायचं. माझा स्वभाव तसा भित्रा आहे. स्कूटरवर मागे बसतानाही मी पुढच्याचा खांदा धरतो. पण दिनकरच्या शेजारी मला कधी भीती वाटली नाही. तो गाडी हाकतोय असं वाटायचंच नाही. रस्ताच आपणहून त्याच्याखाली येतोय असं वाटायचं.

त्याचं घर पौडच्या पुढं, मुळशीच्या पाण्याच्या अलीकडे. घरची आंबेमोहोराची शेती चांगली होती, पण याचा जीव लहानपणापासून चाकात. मिसरूड फुटायच्या आत तो ताम्हिणीच्या रानातून लाकडी कोळशाचे ट्रक पुण्याला आणू लागला. ताम्हिणीचा रस्ता तेव्हा रस्ता म्हणावा असा नव्हताच... लाल माती, दगड, आणि पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या मोऱ्या. त्या रस्त्यावर ज्याला ट्रक सांभाळता येतो त्याला फियाट म्हणजे खेळणं. आमच्या संघाच्या मालकांनी त्याला पाहिलं, गाडी दिली, आणि आणीबाणी उठल्यानंतरच्या हंगामात तो पहिल्यांदा राज्याचा विजेता झाला. नंतर सलग जिंकतच गेला. बक्षीस घेताना तो चपला काढून स्टेजवर चढायचा. लोक हसायचे. त्याला ते कळायचं, तरी काढायचा.

मग सुहास आला. पुण्यातल्या डॉक्टरांचा मुलगा, इंजिनिअर, वयानं आमच्याहून बराच लहान. दिनकरला तो पहिल्या दिवसापासून 'अण्णा' म्हणाला, आणि पहिल्याच सरावात पिरंगुटचा घाट त्याच्याहून लवकर चढला. रात्री जेवताना दिनकरनं भाताला हात लावला नाही. संघात दोन गाड्या होत्या, पण नवीन इंजिन एकीलाच. ती 'पहिली गाडी' कोणाला, यावरून पुढची तीन-चार वर्षं दोघांत जे चाललं ते गेलेल्या माणसाबद्दल लिहितानाही झाकून ठेवावंसं वाटत नाही. ताम्हिणीच्या अलीकडची एक मोरी पावसात खचली होती. दिनकरला ते ठाऊक होतं, त्याच्या पाहुण्यांनीच सांगितलेलं. त्यानं मला सांगितलं, सुहासला नाही. सुहासच्या गाडीचा पुढचा आस तिथं मोडला. "संघ एकच आहे ना रे आपला?" मी म्हटलं. "रस्ता ज्याचा त्यानं बघायचा," तो म्हणाला. पुढच्या रॅलीत चिखलातले चांगले टायर सुहासनं सगळे स्वतःच्या गाडीला लावून घेतले आणि आम्ही एका ओढ्यात रुतून बसलो. फिट्टंफाट झाली असं मला वाटलं. तसं काही झालेलं नव्हतं.

तरीही एक वर्ष असं आलं की दिनकर स्वतःहून थांबायचं म्हणू लागला. चाळिशी उलटली होती. पाठ धरायची. वहिनींनी तर गावदेवीला नारळही बोलून ठेवला होता. "हे साल झालं की बास," तो मला म्हणाला, "शेती बघीन. गाडी त्या बामनाच्या पोराला देऊन टाका." ही बातमी कशीतरी फुटली. वर्तमानपत्रात 'वाळंज निवृत्त होणार?' असं प्रश्नचिन्हासकट छापून आलं. लोक घरी येऊन विचारू लागले. मालकांनी निरोपाचा समारंभही मनात योजला होता. त्याच आठवड्यात सुहास पौडला आला. पडवीत आम्ही तिघं. वहिनींनी चहा आणून ठेवला होता. चहाला हात न लावता सुहास म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. हे वर्षसुद्धा पुरं करू नका. मी तुमच्या मागून येतो तेव्हा चाकांच्या खुणा बघतो. उजव्या वळणांना तुम्ही हल्ली बाहेर जाता. सगळ्या उजव्या. डाव्यांना नाही. तुम्ही डोळे तपासून घ्या."

दिनकरनं कप खाली ठेवला.

"गाडी पायजे व्हय तुला?"

"गाडीचा प्रश्न नाही, अण्णा."

"न्हाई कसा? तुला ती गाडी पायजे का नको, तेवढं सांग."

सुहास खोटं बोलला असता तर कदाचित सगळं निराळं झालं असतं. पण तो म्हणाला, "हवी आहे. पण म्हणून मी हे सांगत नाहीये." दिनकर हसला. त्याचं ते हसणं मला अजून आवडत नाही. "मास्तर, ऐकलंस? ह्या सालीबी मीच, आन पुढल्या सालीबी मीच. सांग पेपरवाल्यास्नी." वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज आला, मोठा. सुहासला खरोखर काळजी वाटत होती की गाडीचा मोह होता, यावर मी पुढे फार विचार केला. एकदा त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा मलाही वेगळं करता येत नव्हतं."

दसऱ्यानंतरची रॅली. त्या काळी रस्ते बंद करत नसत. गावांना आधी सांगितलेलं असे, एवढंच. सकाळची वेळ, धुकं विरलेलं, ताम्हिणीच्या अलीकडचा रस्ता कोरडा. आम्ही पुढं होतो, सुहास आमच्या मागं. मी ओरडलो, "उजवं, उघडं, लांब!" उघडं म्हणजे ज्याच्या पलीकडचं सगळं दिसतं असं वळण. त्या वळणावरून पलीकडची बौद्धवाडीसुद्धा दिसते. आणि मला ती बाई दिसली. डोक्यावर गवताचा भारा, रस्त्याच्या उजव्या कडेनं, अगदी कडेनं चाललेली. दिनकरनं वेग कमी केला नाही. मी त्याचं नाव घेऊन किंचाळलो. त्यानं ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. गाडी दरडीवर आदळली, माझं डोकं काचेवर... पुढचं मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दिनकर रस्त्यात मांडी घालून बसला होता, सगळीकडे गवत पसरलं होतं आणि सुहासची गाडी येऊन थांबली होती.

पुढचं सगळं सुहासनं केलं. त्या दिवशी तो जिंकणार हे नक्की होतं. त्यानं बाईला मागच्या सीटवर घेतलं, त्याच्या नेव्हिगेटरनं स्वतःचा शर्ट फाडून तिचा पाय आवळून धरला, आणि तो पुण्याच्या दवाखान्यापर्यंत जसा गेला तसा आयुष्यात कुठल्या रॅलीत गेला नसेल. चंद्राबाई वाचली. गुडघ्याखाली पाय गेला. दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी-कापणी करून दोन मुलं वाढवणारी ती विधवा बाई होती.

मी दवाखान्यात पडून होतो, त्यामुळे चौकीवर काय झालं ते मला नंतर कळलं. सुहास परत येऊन जबाब द्यायला उभा राहिला. त्यानं फौजदारांना सांगितलं की वळण आंधळं होतं, दरडीआडून बाई एकदम समोर आली, कोणालाच थांबता आलं नसतं. तो आमच्या लगेच मागं होता, शिकलेला, नाव असलेला. त्याचा शब्द चालला असता. दिनकर कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. तो उठून म्हणाला, "खोटं हाय त्ये. वळण उघडं हाय. बाई कडंनंच चालली व्हती. मलाच उजव्या अंगाचं दिसत न्हाई. लई दिस झालं."

डॉक्टरांनी नंतर काचबिंदू सांगितला. कडेची नजर हळूहळू खात जाणारा. कोर्टातही दिनकर तेच वाक्य बोलला, आणि त्याची निवृत्ती जाहीर झाली ती अशी, आरोपीच्या पिंजऱ्यातून. परवाना कायमचा गेला, काही महिन्यांची शिक्षा झाली. सुहास पेटून उठला होता. "मी त्यांच्यासाठी खोटं बोललो आणि त्यांनी मला फौजदारासमोर तोंडावर पाडलं. मरेपर्यंत मला काही देऊ द्यायचं नाही, असंच आहे ना त्यांचं?" मी येरवड्यात भेटायला गेलो तेव्हा दिनकरला हे सांगितलं. तो जाळीजवळ सरकला. मग म्हणाला, "वळण आंधळं म्हटलं तर चूक बाईची व्हती मास्तर. तिची कुटं चूक व्हती?" थोड्या वेळानं जमिनीकडे बघत त्यानं पुस्ती जोडली, "आन त्याचे उपकार घेऊन जगायचं म्हंजी..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. दोन्ही कारणं खरी असावीत.

सुटून आल्यावर तो आधी चंद्राबाईकडे गेला. मी बरोबर होतो. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ती भिंतीला टेकून बसलेली, कुबडी शेजारी. दिनकर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तिनं त्याला बसही म्हटलं नाही. "तुजी भाताची पोती मी परत धाडली ती उगं न्हाई," ती म्हणाली. "तू दारात आलास की मला पुन्ना ती गाडी येती. येत नको जाऊस." तो "व्हय" म्हणाला आणि वळला. पुन्हा कधी तिच्या दारात गेला नाही.

त्यानंतरची वर्षं तो शेतीच करत राहिला. कुठं जायचं तर चालत, लांबचं असेल तर एसटीनं. नजर आणखी गेली. सुहास विजेता झाला, दोनदा. पहिल्यांदा झाला तेव्हा पेढे घेऊन पौडला आला आणि आत यायचं की नाही अशा विचारात अंगणात उभा राहिला. दिनकर आतूनच ओरडला, "ओढ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरात कशाला गेलास? दुसऱ्यात धरायची व्हती!" कुणा ट्रकवाल्याकडून त्यानं सगळी रॅली ऐकली होती. सुहास आत आला. मग दर हंगामानंतर येत राहिला. दोघं रस्त्याबद्दलच बोलायचे, बाकी कशाबद्दल नाही. त्या दिवसाबद्दल कधीच नाही. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "ह्यास्नी त्या पोराबिगर कुनाशी बोलाया व्हत न्हाई आता." पहिला फोन सुहासला गेला, तो यामुळे.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं. अंगाला भाताचं तूस तसंच होतं. खांदा देताना सुहास पुढं होता.

तेराव्यानंतर सुहास म्हणाला, "चंद्राबाईंना कुणी सांगितलं असेल का?" आम्ही दोघं ताम्हिणीच्या बाजूला गेलो. मुलं आता मोठी झालीत, एक एसटीत लागलाय. ती अंगणात नाचणी निवडत बसली होती. सुहासला तिनं ओळखलं, बसायला पोतं पुढं सारलं. मी सांगितलं, दिनकर वाळंज वारले.

"कळलं," ती म्हणाली. हात थांबला नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पोरंबाळं हायेत का मागं?"

"एक मुलगी. लग्न झालंय तिचं."

"बायकू?"

"आहेत."

ती सुपातले खडे काढत राहिली. मग हनुवटीनं समोरच्या रस्त्याकडं दाखवलं. "दर साली पाऊस सरला की यायचा त्यो. कोयता घिऊन. त्या वळनावरचं समदं रान तोडायचा, झुडपं, घाणेरी, समदं. कवा दोन दिस, कवा तीन. दिसत नव्हतं तर हातानं चाचपून तोडायचा. हितनं दिसायचा मला."

हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींनाही नाही. पाहुण्यांकडे जातो म्हणून तो घरातून निघत असे.

"तुम्ही बोललात कधी त्यांच्याशी?" सुहासनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "येऊ नको म्हनले व्हते, त्यो दारात आला न्हाई. मी हाक मारली न्हाई." कुबडीवर जोर देऊन ती उठली, सूप उचललं, आणि आत जाता जाता उंबऱ्यात थांबून पुन्हा त्या रस्त्याकडे पाहिलं.

"आता रान वाढंल परत," ती म्हणाली.