नोएमी कास्तेराचा हेल

आमच्या दक्षिण फ्रान्सातल्या मिरप्वाच्या बाजारात बदकं विकणाऱ्या कास्तेराबाईंचा आवाज चर्चच्या घंटेलाही भारी पडायचा. खाण तशी माती. त्यांच्या लेकीनं, नोएमीनं, तो आवाज जसाच्या तसा उचलला आणि त्याच्या जिवावर तूलूझच्या रेडिओ केंद्रात शिरली. काम काय, तर बाजारभाव वाचायचे. लसणाचा भाव ती अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, लसूण आता मंत्रिमंडळातच बसणार.

पुढे एका रविवारी रग्बीचं वर्णन करणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला. "बाई काय सांगणार रग्बीचं?" असं दोघेतिघे कुरकुरले खरे, पण मध्यंतरापर्यंत सगळे गप्प झाले होते. निम्मे खेळाडू तिचे मावसभाऊ. कोण कुठल्या खांद्यानं धडक मारणार हे तिला लहानपणापासून ठाऊक! तिथून ती टीव्हीवर गेली आणि टीव्हीवरून पॅरिसला. तिला हव्या होत्या दुपारी एकच्या बातम्या. साऱ्या फ्रान्सनं जेवताना आपलं ऐकावं, याहून कमी काही तिला नकोच होतं, आणि हे ती कुणालाही बेधडक सांगायची.

अडलं एका गोष्टीवर. आम्हा दक्षिणेकडच्यांच्या बोलण्यात हेल असतो, शब्दाचं शेपूट लांबतं. हा हेल रग्बीला चालतो, हवामानाला चालतो, लसणाला तर शोभतोच. बातम्यांना चालत नाही. हा नियम कुणी केला ते पॅरिसमध्ये कुणालाच सांगता येत नाही, पण पाळतात मात्र सगळे, सोवळं पाळावं तसा.

बातम्यांचे प्रमुख द्यूकास्तेल साहेब तिला म्हणाले, "काम तुझं चोख आहे गं. पण सरकार पडल्याची बातमी तू दिलीस, तर लोकांना वाटेल खुराड्यातच पडलं."

सगळ्यांत मोठ्यानं नोएमीच हसली. हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी लावली. दातांत बूच धरून वाचायचं, शेपटं छाटायची. बाई जिद्दीची, हिवाळा सरायच्या आत ती अशी बोलायला लागली की घरी फोन केला तर आईनं विचारलं, "कोण आपण बाई?"

हे मात्र तिला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

वसंतात मिरप्वाजवळच्या लाव्हलानेच्या लोकरीच्या गिरणीत संप झाला. साहेबांनी तिला पाठवलं. एकच्या बातम्यांत थेट प्रक्षेपण, गिरणीच्या फाटकातून. अट स्वच्छ होती. नीट झालं तर एकच्या बातम्या तिच्या, हेल निघाला तर परत रग्बी.

"साहेब, एक वाजता फाटकावर कुणी नसेल. बाराला जेवायला जातात."

"संपावर आहेत ना ते?"

"संप मालकाशी आहे. जेवणाशी नाही."

साहेब हसले. पॅरिसच्या माणसांना हे असंच वाटतं, की संपकरी दिवसभर मुठी आवळून उभेच असतात. एकच्या सुमाराला फाटकावर एक झेंडा होता आणि एक कुत्रं. कॅमेरावाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. नोएमीनं केबल उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या सभागृहात घुसली. तिथं बायकांनी सगळ्यांसाठी सूप रांधलं होतं. लांबच लांब बाकांवर गिरणी जेवायला बसली होती. तिच्याही पुढ्यात कुणीतरी न विचारता खोलगट ताटली भरून ठेवली.

कॅमेऱ्याचा दिवा लागला. नोएमी शेजारच्या, लोकर कातणाऱ्या म्हातारीकडे वळली. नाव झेली, संपाची पुढारी. शिकवणीतल्या त्या तुळतुळीत आवाजात नोएमीनं विचारलं, "आपल्या मागण्या काय आहेत, बाई?"

झेलीनं मान वर केली नाही. "आधी सूप, बाईसाहेब."

"मालकानंच धाडलंय वाटतं हिला," पलीकडून एकजण बोलला. "शहरातल्या बड्या नोटरीच्या विधवेसारखी बोलतेय!"

हशा पिकला. कानातल्या यंत्रात साहेब ओरडत होते, "बोलव कुणालातरी! थेट चाललंय हे!" आणि सारा फ्रान्स एका म्हातारीला सूप पिताना बघत होता. झेलीच्या ताटलीत तळाशी थोडं उरलं. तिनं त्यात लाल वाईन ओतली, ताटली गोल हलवली, दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. आमच्याकडे सूप असंच संपवतात. पॅरिसमध्ये कुणी असं केलं तर यजमान दुसऱ्यांदा बोलावणार नाहीत.

नोएमीनं चार घोटांत आपलं सूप उरकलं, वाईन ओतली, ताटली उचलली आणि एका भुरक्यात पिऊन टाकली. मनगटानं तोंड पुसलं.

"आता बोल की गं मावशी," ती म्हणाली, आणि प्रत्येक शब्दाचं शेपूट थेट बाजारापर्यंत गेलं.

झेली वळली. "अगं, कुणाची तू?"

"मिरप्वाच्या बदकवाल्या कास्तेराची."

"मग आधी नाही का सांगायचं, मेले!"

आणि मग ती बोलली. मालकानं यंत्रांचा वेग वाढवला, दोन पोरींची बोटं गेली, आणि वर मालक म्हणतो सांभाळून काम करा. नोएमीनं तिलाही सोडलं नाही. "पण वेग कमी केला तर गिरणी बंद पडेल म्हणतात. मग काय खाल?"

"जे मिळेल ते," झेली म्हणाली. "पण स्वतःच्या हातानं खाऊ."



प्रक्षेपण संपलं आणि भिंतीवरचा फोन खणखणला. द्यूकास्तेल साहेब! नोएमीनं फोन घेतला; मान मात्र ताठ ठेवली.

"अक्कल गहाण टाकलीस का? राष्ट्रीय वाहिनीवर ताटली तोंडाला लावून सूप? आणि तो हेल! एवढं शिकवलं, एवढं घासलं, आणि तू..."

साहेबांचा पारा चढत गेला, आणि नोएमीनं कान टवकारले. ओरडता ओरडता साहेबांच्याच शब्दांना शेपूट फुटत होतं. आधी एकाला, मग सगळ्यांना.

"साहेब," तिनं मध्येच विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?"

 नोएमीनं फोन कानाशी दाबून धरला. रेडिओवर मुरलेल्या बाईला गप्प कधी बसायचं ते कळतं.

"पामिए," साहेब शेवटी म्हणाले. पामिए म्हणजे इथून बसनं जवळचंच. "माझी आईही सूप असंच संपवायची. मी पॅरिसला तिला कधी बोलावलं नाही. जेवायला लोक असायचे ना घरी."

नोएमीनं आपल्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं. 

"सोमवारपासून एकच्या बातम्या तू वाचायच्या," साहेब म्हणाले, अगदी पामिएच्या माणसासारखे. "आणि आज बोललीस तशाच."