जाहिरातींची विचारपूस करणाऱ्या मावशी

दारात आलेल्या सेल्समनला मावशींनी उभ्या उभ्या परत पाठवल्याचं मला आठवत नाही. वॉटर फिल्टरवाला असो की विमावाला, आधी ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं. मग म्हणायच्या, "नको रे बाबा. पण बोललास छान." घ्यायच्या काहीच नाहीत. नंदाखालला त्यांच्या वाडीतल्या मागच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो, त्यामुळे हे रोजच बघायला मिळे.

गावातली कितीतरी माणसं जवळच्याच बोळिंजच्या फ्लॅटमध्ये गेलेली, काही आखातात. मावशींना प्रत्येकाची खबर हवी. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. तिथं शिकल्या-शिकल्या हौसेनं मी मावशींना एक फुकटातली वेबसाइट काढून दिली, सगळ्यांना लिहिता येईल अशी. मावशी एका बोटानं अक्षरं शोधत लिहायच्या, "आज केळफूल सोललं. भाजी कोणाला खायची?" कुवेतहून त्यांचा मुलगा लिहायचा, "मम्मी, फोटो नको टाकू, इथं डबा गोड लागत नाही." हळूहळू तिथं जुने फोटो आले, लग्नातली गाणी आली, म्हाताऱ्यांच्या तोंडचे शब्द आले. बुजवलेल्या तळ्यांच्या आठवणींवरून तर भांडणंसुद्धा झाली.

"हे फुकट कसं गं देतात?" मावशींनी एकदा विचारलं.

"कडेला जाहिराती असतात ना, त्यांच्या पैशावर चालतं." कॉलेजला निघायच्या घाईत मी एवढंच सांगितलं.

"म्हणजे त्यांच्या ओट्यावर बसून आपण गप्पा मारायच्या, आणि त्यांनाच विचारायचं नाही?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळचा चहा घेऊन बसत आणि एकेक जाहिरात उघडून शेवटपर्यंत वाचत. केसांचं तेल, ट्रॅक्टर, दुबईतले बंगले. "हा तेलवाला बिचारा रोज येतो. बघितलं तर काय जातं आपलं?" मग त्यांनी साइटवरच लिहून टाकलं, "सगळ्यांनी रोज जाहिराती उघडायच्या. मीठ खातो त्यांचं." बोळिंजपासून कुवेतपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मावशींचा शब्द मोडणार कोण?

मी कॉलेजात मैत्रिणींना हे हसत हसत सांगितलं होतं. प्रत्येक वेळी जाहिरात उघडली की जाहिरातवाल्याचे पैसे जातात, म्हणून असं करणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. साइट काढताना समोर आलेले नियम मी न वाचताच मान्य केले होते. दोघींमध्ये शिकलेली मी होते.

एका सकाळी साइट उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत दोन-चार ओळी होत्या. जाहिराती मुद्दाम पुन्हा पुन्हा उघडून फसवणूक केल्याबद्दल ही साइट कायमची बंद करण्यात आली आहे. मी कंपनीकडे अर्ज केला, ही माणसं कशी आहेत ते जमेल तसं इंग्रजीत लिहिलं. उत्तर तेच आलं. गाणी, फोटो, शब्द, सगळं त्यात गेलं. वेगळी प्रत ठेवावी, हेही मला सुचलं नव्हतं.

मावशी माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "काय म्हणतात गं?"

तुमच्या पाहुणचाराला ते फसवणूक म्हणतात, हे कसं सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "कंपनीच बंद पडली, मावशी."

मला वाटलं, आता फोटोंचं विचारतील. पण त्या म्हणाल्या, "अरे देवा! मग तिथल्या पोरांच्या नोकऱ्या?"

रविवारी त्या मला हाताला धरून चर्चमध्ये मिस्साला घेऊन गेल्या. आम्ही ख्रिस्ती नाही, पण त्यांच्याबरोबर मी अनेकदा गेले होते. प्रवचनानंतरच्या प्रार्थनांमध्ये एका बाईंनी वाचलं, "आम्हा सर्वांना एकत्र आणणारी कंपनी बंद पडली. तिथल्या आमच्या भावाबहिणींना लवकर काम मिळावं, म्हणून आपण प्रार्थना करू या." मावशींनी फादरना सांगून ते घालून घेतलं होतं. अख्ख्या देवळानं एका सुरात उत्तर दिलं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

माझे ओठ मिटलेलेच होते. मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "म्हण ना गं. आमच्यापेक्षा तुझ्या जास्त ओळखीचे ते."

पुढच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, मावशींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.