भावी नाना

बाभूळवाडीत येऊन नानासो विरकरांचं घर विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. "भावी नाना कुठं राहतात?" असं विचारलंत, तर दगडाबाईची शेळीसुद्धा तुम्हाला दारापर्यंत सोडून येईल. माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अंगाचं हे गाव. इथं पाऊस पाव्हण्यासारखा येतो आणि चहाही न घेता जातो. निवडणूक मात्र एकही चुकत नाही, आणि गेली कित्येक वर्षं नानासोही तिला चुकलेले नाहीत.

का, म्हणाल, तर त्याला कारण होतं. नानासोंचे वडील-आजोबा मेंढरांमागं फिरले. वर्षातले आठ महिने बाहेर आणि चार महिने गावात. गावकीत तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "तुमी काय बाबा, आज हितं, उद्या कोकणात. तुमचं काय धरायचं?" ते वाक्य नानासोंच्या मनात लहानपणीच रुतून बसलं. आयुष्यात एकदा तरी विरकरांच्या नावापुढं एखादं पद लागावं आणि ते लोकांनी आपण होऊन लावावं, एवढीच त्यांची आस होती. बाकी माणूस साधा. दोन वेळची भाकरी, थोडी मेंढरं आणि इस्त्रीचा पांढरा सदरा.

पहिल्या निवडणुकीत त्यांना चिन्ह मिळालं दूरदर्शन संच. कागदावरचा टीव्ही लोकांना कळणार नाही म्हणून त्यांनी दहिवडीच्या दुकानातून निहार कंपनीचा खराखुरा टीव्ही आणला, बैलगाडीत गादीवर ठेवला आणि गावभर मिरवला. लोकांनी टीव्ही डोळे भरून पाहिला आणि शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारला. नानासो पडले आणि टीव्ही घरात आला. पुढच्या खेपेला कपबशी मिळाली. त्या प्रचारातल्या कपबश्या अजून सुलाबाईंच्या फळीवर आहेत, पाव्हण्यांना त्यातच चहा मिळतो. त्यानंतर शिट्टी. ती मेंढरं वळवायला कामी आली. सुलाबाई म्हणजे नानासोंच्या कारभारीण. त्यांचं तोंड तिखट, पण पोटात काही नाही. त्या म्हणायच्या, "आवं, औंदा शिलाई मशीन मागून घ्या. पडायचंच हाय, तर घरात काय तरी उपेगाचं येऊ द्या."

मग फ्लेक्सचा जमाना आला. दहिवडीत अमृतनं छपाईचं दुकान टाकलं आणि नानासोंना नवीन वाट सापडली. स्वतःचा वाढदिवस असो, जत्रा असो, दिवाळी असो, चौकात बोर्ड लागायचा, 'भावी सरपंच मा. नानासो विरकर'. तो 'भावी' शब्द इतकी वर्षं तिथं राहिला की लोकांनी उरलेलं नाव सोडूनच दिलं. समोर 'नाना' म्हणायचे आणि पाठ वळली की 'भावी'. नानासोंना ते ऐकू येत नसेल, असं समजू नका. ऐकू यायचं आणि लागायचंही. पण ते हसायचे आणि पुढच्या वर्षी अमृतच्या दुकानात पुन्हा जायचे.

त्या हरलेल्या टीव्हीपुढं त्यांची मुलगी सोनिया वाढली. म्हसवडच्या जत्रेतून नानासोंनी तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला. पोरीनं तो आठवडाभर खेळला आणि एका दुपारी पेचकस घेऊन उघडून बसली. नंतर टीव्हीची पाठही उघडली. सुलाबाईंनी कपाळावर हात मारला. नानासो म्हणाले, "उघडू दे तिला. मला तरी त्येचा कुठं उपेग झाला?" गेमपेक्षा तो आत कसा चालतो यातच पोरीला गोडी. ती गोडी तिला आधी साताऱ्याला घेऊन गेली, मग सांगलीच्या कॉलेजात, आणि शेवटी निहार इलेक्ट्रॉनिक्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात. ज्या कंपनीचा टीव्ही बैलगाडीतून मिरवला, त्याच कंपनीत लेक इंजिनियर झाली. नानासोंनी याचाही बोर्ड लावला, हे सांगायला नको.

पुढं टीव्हीचा धंदा मंदावला आणि निहारचं गेमिंग मात्र जोरात निघालं. गेम खेळायचे कंट्रोलर, हेडफोन, मोबाइलवरचे खेळ. त्यातला बैलगाडा शर्यतीचा खेळ सोनियाच्या चमूनं केलेला. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतची पोरं अंगठे झिजेस्तोवर तो खेळत होती. आणि यंदा कंपनीत खांदेपालट झाली. जुने अध्यक्ष निवृत्त झाले, त्यांच्या जागी बाहेरून नवे साहेब आले. गेमिंगचे प्रमुखही कंपनी सोडून गेले. 'गेमिंग विभागाच्या प्रमुखपदासाठी शोध सुरू' अशी बातमी पेपरात आली, ती नानासोंनी अमृतच्या दुकानात बसून दोनदा वाचली.

रविवारी सोनियाचा फोन आला. "अण्णा, बुधवारी मुंबईला बोलावलंय, संचालक मंडळापुढं. आईला सांगा, सिद्धनाथाला नारळ फोडायचा."

एवढंच ती बोलली. उरलेलं नानासोंनी ऐकलं.

सोमवारी सकाळी ते अमृतच्या दुकानात हजर. अमृतनं सवयीनं आधी एकच शब्द टाईप केला. "नाना, भावी टाकलाय. फुडं सांगा."

"खोड त्यो," नानासो म्हणाले. "ह्या बारीला भावी न्हाई. ह्या बारीला खरं हाय."

दुपारच्या आत बोर्ड दहिवडीच्या चौकात लागला. वर सोनियाचा हसरा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं, 'निहार इलेक्ट्रॉनिक्सच्या गेमिंग विभागाच्या प्रमुख मा. सोनियाताई विरकर यांना हार्दिक शुभेच्छा!' तळाला बारीक अक्षरात, 'शुभेच्छुक: भावी सरपंच नानासो विरकर'. नानासो समोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. विरकरांच्या नावापुढं पद लागलं होतं, आणि पदाच्या आधी काहीही नव्हतं.

ज्या दुकानातून तो पहिला टीव्ही आला होता, त्या दुकानदारालाही आनंद झाला. आपल्या गावची पोर कंपनीची मोठी साहेब झाली! त्यानं बोर्डाचा फोटो काढून कंपनीच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकला आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

संध्याकाळ व्हायच्या आत सोनियाचा फोन आला. आवाज बारीक.

"अण्णा, बोर्ड लावलाय?"

"लावलाय की! दिसला व्हय साताऱ्यापातूर?"

"मुंबईपातूर दिसला."

नानासो खूश होणार तेवढ्यात ती पुढं बोलली. "अण्णा, अजून कुणाचीच निवड झाली न्हाई. आमी तिघं हाय. कंपनी शेअर बाजारातली हाय, असल्या गोष्टी आधी कुठं फुटल्या तर त्यांना चालत न्हाई. तिकडं सगळ्यांना वाटतंय, मीच बोर्ड लावून घेतला. उद्या माझं नावच यादीतून काढतील." मग ती म्हणाली, "लय राबलीय हो मी, अण्णा. कंपनीच्या सचिव साताऱ्यात आल्यात. उद्या त्या बघायला येणारेत."

फोन ठेवल्यावर नानासो खाटेवर बसले ते उठेनात. आजवर ते स्वतःच्या निवडणुकीत पडले होते, त्याचं कुणाला काही नव्हतं. आता त्यांनी लेकीला पाडलं होतं, तेही मत पडायच्या आधीच. सुलाबाईंनी एक शब्द बोलू नये, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं. शेवटी त्याच म्हणाल्या, "आवं, बसून काय हुतंय? उठा. लावलाय तुमी, निस्तराबी तुमीच."

अमृतची शिडी घेऊन नानासो चौकात गेले. बोर्ड फाडावा, एवढंच मनात. पण दोन पायऱ्या चढले आणि थांबले. आपल्याकडं लागलेला फ्लेक्स एकाएकी गायब झाला, तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. कुणी फाडला, का फाडला, कुणाच्या सांगण्यावरून फाडला, म्हणून सकाळी बाभूळवाडीची पोरं रस्त्यावर बसली असती आणि आता दहिवडीपुरती असलेली गोष्ट जिल्हाभर झाली असती.

शिडीवरून त्यांनी चौकात नजर टाकली. भावी आमदार. भावी सभापती. भावी नगराध्यक्ष, त्यातले दोघे एकाच खांबावर. खाली माणसं भेळ खात होती, भाजी निवडत होती, एसटीची वाट बघत होती, आणि एकही मान वर होत नव्हती. 'भावी' लिहिलेलं कुणी बातमी म्हणून वाचत नाही. ती नुसती माणसाची इच्छा असते आणि इच्छेला आपल्याकडं कुणी हरकत घेत नाही. हे नानासोंपेक्षा जास्त कोण जाणत होतं?

ते शिडीवरून उतरले. "अमृत, एक पट्टी छाप. 'भावी'. अक्षर त्येच, रंग त्योच."

अमृतनं मुकाट्यानं छापली. 'प्रमुख' शब्द नशिबानं नव्या ओळीवर होता, त्याच्या आधी जागा मोकळी होती. नानासोंनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. हा शब्द आपल्या घराला चिकटून बसलाय हे त्यांनी सोसलं होतं, पण पोरीच्या वाट्याला तो येऊ द्यायचा नाही असं मनाशी धरलं होतं. आज तोच शब्द स्वतःच्या हातानं तिच्या नावाआधी लावायचा होता. त्यांनी तो लावला आणि तळहातानं दाबून बसवला.

मंगळवारी कंपनीच्या सचिव आल्या. क्रांती बर्गे त्यांचं नाव. राहायला मुंबईत, मूळच्या कोरेगावच्या. गाडीतून उतरून त्यांनी आधी बोर्ड पाहिला. मग चौकातले बाकीचे बोर्ड पाहिले. पट्टीच्या कडेला डिंक अजून चमकत होता.

"काका, हा 'भावी' कालपण होता?"

नानासोंना होय म्हणता आलं असतं. इतकी वर्षं राजकारणात काढलेल्या माणसाला तेवढं जमतं. पण ते म्हणाले, "न्हवता, बाई. काल मी खोटं लावलं हुतं. आज खरं लावलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं निवड झाली म्हणून?"

"कुणी न्हाई. पोरगी फकस्त म्हणली, मुंबईला बोलावलंय, नारळ फोडा. बाकीचं माझ्या मनानंच धरलं. काय शिक्षा करायची ती मला करा. तिला ह्यातलं काय म्हाईत न्हाई." आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जल्मभर भावी राहिलोय हो मी. वाटलं, एकदा तरी तसलं नगं."

क्रांतीबाई नानासोंबरोबर बाभूळवाडीला घरी आल्या. सुलाबाईंनी त्यांना कपबशीत चहा दिला आणि कपबशीची गोष्टही सांगितली. तेव्हा मात्र त्यांना हसू आवरेना. आणि हसता हसता त्यांची मुंबईची भाषा गळून पडली. "माझं चुलतंबी असंच हायत, काकू. कोरेगावात भावी सभापती. आमच्यातल्या कुणीच त्यांचा बोर्ड आता वाचत न्हाई." बोर्डाचा फोटो घेऊन त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, "जे झालं ते जसंच्या तसं सांगेन. पुढचं माझ्या हातात नाही."

बुधवारी बाभूळवाडीत कुणी रानात गेलं नाही. सगळे काही ना काही निमित्त काढून नानासोंच्या दारात. कुणी शिट्टी परत द्यायला आलं होतं, जी त्यानं कधी नेलीच नव्हती. सुलाबाई नारळ फोडून आल्या. नानासो इस्त्रीचा सदरा घालून फोनकडं बघत बसले. ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला. आख्खं दार पुढं सरकलं.

"अण्णा," सोनिया म्हणाली, "काढा त्यो शब्द."

नानासोंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा फोन सुलाबाईंच्या हातात देऊन ते लहान पोरासारखे रडले. सुलाबाईंनी लेकीला उलटंसुलटं विचारून सगळं काढून घेतलं. नव्या साहेबांनी बोर्डाचा फोटो पडद्यावर लावला होता. क्रांतीबाईंनी 'भावी' म्हणजे काय ते सगळ्यांना समजावलं. साहेबांनी सोनियाला विचारलं, 'आणि तुमची निवड झाली नाही तर?' ती म्हणाली होती, 'तर बोर्ड तसाच राहील, साहेब. आमच्या घरात सवय आहे. पुढच्या वेळी मी पुन्हा उभी राहीन.' त्यावर सगळे हसले, आणि मग कामाचं बोलणं निघालं. पुढच्या वर्षात काय करायचं ते तिनं एका दमात मांडलं. संध्याकाळी निवडीची घोषणा सगळीकडं गेली.

घोषणा मोबाइलवर आल्याशिवाय नानासोंनी कुणाला जागचं हलू दिलं नाही. शिकला होता माणूस. मग मात्र धनगरी गजी नाचाचे ढोल निघाले. दहिवडीचा चौक माणसांनी भरला. भेळवाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि पहिल्यांदाच चौकातल्या सगळ्या माना वर झाल्या. शिडी लागली. पोरं म्हणाली आम्ही चढतो, पण नानासोंनी कुणाला शिवू दिली नाही. त्यांनी नखानं पट्टीचा कोपरा उचलला, हळूच ओढली, आणि 'भावी' निघून हातात आला. ढोल असा वाजला की एसटीवाल्यानं घाबरून ब्रेक मारला. "प्रमुख!" कुणीतरी ओरडलं आणि आख्ख्या चौकानं तो शब्द उचलला.

नानासो उतरायला लागले तेव्हा खालून अमृत म्हणाला, "नाना, तळाला तुमच्याबी नावाआधी भावी हाय. त्यो ठिवायचा?"

नानासोंनी वाकून बघितलं. 'भावी सरपंच नानासो विरकर.' किती बोर्डांवर ते असंच होतं, त्यांनाही आठवत नव्हतं.

"काढ," ते म्हणाले. "सरपंचबी काढ."

"मग नावाआधी काय टाकू?"

"सोनियाचे वडील."

अमृत दुकानात धावला आणि तेवढ्याच मापाची पट्टी छापून घेऊन आला. नानासोंनी ती स्वतःच्या हातानं, कुठं सुरकुती पडू न देता, चिकटवली.