जर्मनीला गेलेली मुलगी आणि बिडकीनची भाची

माझी मुलगी सोनाली जर्मनीला दोनदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा ती घरातच होती.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी तिला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. आमच्या सात पिढ्यांत कोणी लांब गेलं असेल, तर ते मेंढरांमागं! (तेही पावसाळा लागला की परत.) मग मी गप्प बसतो होय? लगेच क्रांती चौकात फ्लेक्स लावला: 'जर्मनीला प्रयाण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्यात सोनालीपेक्षा माझा फोटो मोठा. (चूक फ्लेक्सवाल्याची. मी फक्त सांगितलं होतं.)

"अहो, व्हिसा कुठंय अजून?" बायकोनं विचारलं.

"येतोच की! फ्लेक्स लागला म्हणजे अर्धं काम झालं."

व्हिसा आला नाही. सत्कार मात्र झाले. शाली आल्या, नारळ आले, निरोप समारंभात शेजारचे सर्जेराव तात्या भाषण करता करता रडले. त्यानंतर रोज एकच प्रश्न, "कधी निघणार पोरगी?" शेवटी वैतागून मी म्हणालो, "शुक्रवारी!"

शुक्रवारी बायकांनी औक्षण केलं, हातावर दही ठेवलं. आम्ही बॅगा घेऊन रिक्षात बसलो, क्रांती चौकाला वळसा घातला आणि सगळी गल्ली दुपारची झोपलेली असताना मागच्या दारानं पुन्हा घरात!

"पप्पा, व्हिसा आलाच नाय तर?" सोनालीनं बॅग खाली ठेवायच्या आधीच विचारलं. वर्ग सुरू व्हायच्या आत पोचली नाही तर तिची जागा जाणार होती. मी हसून वेळ मारून नेली आणि सत्कारातलाच एक नारळ गुपचूप देवापुढं फोडला.

तिला घरात लपवून ठेवलं असतं, पण ते दुष्काळाचं वर्ष. पावसानं दडी मारलेली, नळ कोरडे, आणि टँकर आला की घरटी दोन माणसं लागायचीच. त्यात बायकोची कंबर धरलेली. सोनालीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला (उन्हा-धुळीमुळं आमच्या शहरातल्या निम्म्या पोरी डाकूच दिसतात, त्यामुळे संशय नको) आणि बादली घेऊन बाहेर पडली.

"ही कोण हो?" तात्यांनी विचारलं.

"भाची. बिडकीनची."

आता भाचीनं निमूट पाणी भरावं की नाही? पण टँकरच्या पाइपातून निम्मं पाणी रस्त्यावर जायचं, ते तिला बघवेना. तिनं जुन्या ट्यूबचा तुकडा आवळून गळती बंद केली, पाइपाला फाटे काढले आणि सगळ्यांची पिंपं एकदम भरायला लावली. भांडण न होता टँकर रिकामा झाला, असं आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडलं! माझी छाती अभिमानानं फुगलेली, आणि बोलायची सोय नाही. असा छळ वैऱ्याचाही होऊ नये.

पुढच्या टँकरला तात्यांनी सगळ्यांदेखत विषय काढला.

"भाऊसाहेब, माझ्या पुतण्यासाठी तुमची भाची मागतो. शिक्षण नसलं तरी चालंल. लई हुशार पोरगी! तुमची सोनाली जर्मनीला जाऊन काय दिवे लावणार हाय? हिच्या नखाची सर यायची नाय तिला!"

कंबर धरून आलेल्या बायकोनं मला चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही.

"तात्या, ही भाची नाय, सोनालीच हाय! माझी पोरगी! मेकॅनिकल इंजिनिअर!"

सोनालीनं कपाळावर हात मारून घेतला आणि स्कार्फ सोडला. तात्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग जर्मनीला कोण गेलं?"

त्या दिवसापासून गल्लीत माझं नावच 'जर्मनी' पडलं. "काय जर्मनी, टँकर आला का?"

वर्ग सुरू व्हायला थोडेच दिवस उरले असताना व्हिसा आला. या वेळी मी कोणालाही सांगितलं नाही. (बायकोनं सांगितलं.) सोनालीला मुंबईच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो, तर अख्खी गल्ली फलाटावर हजर! मला हुंदका आवरेना. मेंढरांमागं चालणाऱ्यांची पोर विमानात बसणार होती, आणि झालं गेलं विसरून एवढी माणसं तिला पोचवायला आली होती!

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका, भाऊसाहेब. आम्ही निरोपाला नाय आलो. पोरगी खरंच जाती का, ते बघाया आलोत. आधी गाडी तर हलू द्या!"