खांबाजवळच्या चपला

शिलाईकाकूंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं या शहरात दोनच, एक बँकेतला कारकून आणि दुसरा विमानतळावरचा अधिकारी. बाकी सगळ्या वस्तीला त्या शिलाईकाकू. बाजाराच्या कोपऱ्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याला लागून त्यांचा गाळा. गाळा कसला, एक मशीन, एक टेबल, एक आरसा आणि एक स्टूल मावलं की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. नवे कपडे त्या शिवत नसत. "नवे शिवणारे पुष्कळ आहेत, मी बिघडलेलं सुधारते," म्हणायच्या. पँट आखूड करणं, बॅगेची चेन बदलणं, सुटलेल्या पोटाच्या माणसाला त्याच्याच लग्नातल्या कोटात पुन्हा बसवणं ही त्यांची कामं. आणि पोट कितीही सुटलेलं असो, काकू एवढंच म्हणायच्या, "कापड आटलंय हो." माणसाला त्याच्या तोंडावर कमी लेखायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता. घरातही तोच चालायचा.

काकू मूळच्या इथल्या नव्हेत. ऐन तरुणपणी तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला म्हणून दुसऱ्या देशातून आल्या. पहिल्या आठवड्यात बसथांब्यांवरच्या पाट्या वाचता येईनात, म्हणून उतरायच्या भीतीने शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिल्या. डेपोकडे निघालेल्या ड्रायव्हरने आरशात बघितलं, तर मागे एक मुलगी रडवेली होऊन बसलेली. त्याने रिकामी बस वळवली आणि तिला तिच्या खोलीच्या दारात सोडलं. बसचं ते पहिलं आणि शेवटचंच दारापर्यंत जाणं. साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. त्यानंतर ही मुलगी मुद्दाम थांबा चुकवू लागली असं ड्रायव्हरकाका आयुष्यभर सांगत आले. काकू त्यावर "काहीतरीच तुमचं!" म्हणायच्या, पण खोटं आहे असं काही त्यांनी कधी म्हटलं नाही.

लग्न झालं, भाषा अंगवळणी पडली, केस इथेच पिकले. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःखही दोघांनी इथेच पचवलं. बाजारात काकू घासाघीस करायला लागल्या की इथे जन्मलेली माणसं शिकायला उभी राहायची. एवढं सगळं इथलं झालं, फक्त पासपोर्ट तेवढा तिकडचा राहिला. इथला घ्यायचा तर तिकडचा सोडायचा, असा नियम. आणि तिकडे काकूंची आई होती, थकलेली, अंथरुणाला खिळलेली. "आईच्या उंबऱ्यात पाऊल टाकायला मी परवानगीचा अर्ज करू?" काकू म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

त्यामुळे दरवर्षी माहेराहून परतताना विमानतळावर नवराबायकोची ताटातूट ठरलेली. एका पाटीवर 'नागरिक', दुसऱ्या पाटीवर 'इतर'. इतर! माणसाने संसार केला, कर भरले, अर्ध्या शहराच्या पँटी आखूड केल्या, आणि शेवटी इतर. नागरिकांची रांग सरसर पुढे सरकायची आणि इतरांची गोगलगाईला लाजवायची. ड्रायव्हरकाकांना बायकोबरोबर तिच्या रांगेत उभं राहता आलं असतं, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण ते दरवर्षी एकच वाक्य म्हणायचे, "दोघांनी पाय कशाला दुखवून घ्यायचे? मी पुढे जातो, बॅग घेतो, तुझ्या चपला काढून ठेवतो."

चपलांचं असं होतं की, माहेरी जाता-येताना काकू चांगले, नक्षीचे, टाचेचे बूट घालायच्या. लेकीचं बरं चाललंय हे आईला पायांवरूनच दिसलं पाहिजे, हा हट्ट. विमानात पाय सुजायचे आणि मग ते बूट म्हणजे छळ. काका सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून बॅग उचलायचे, तिच्या तळाशी ठेवलेल्या काकूंच्या जुन्या सपाट चपला काढायचे, आणि काउंटर ओलांडल्यावर समोरच जो पहिला खांब लागतो त्याच्या पायथ्याशी, तोंड काकूंकडे करून, मांडून ठेवायचे. आणि स्वतः शेजारी उभे. रांगेतून पिळून निघालेल्या काकूंना आधी त्या चपला दिसायच्या, मग नवरा. हे इतकी वर्षं चाललं होतं की काकूंना त्या रांगेचा राग यायचाच बंद झाला होता.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. गेल्या वर्षभरात ड्रायव्हरकाकांच्या डोक्यातून एकेक थांबा पुसला जात होता. दूध आणायला जायचे आणि रिकाम्या हाताने, हसत परत यायचे. एकदा केस कापायला गेले ते संध्याकाळी एका बसथांब्यावर सापडले. केव्हाच बंद झालेल्या नंबरच्या बसची वाट बघत होते. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "अनोळखी जागी यांना एकटं सोडू नका." काकूंनी मान हलवली आणि काकांना बाहेर येऊन सांगितलं, "काही नाही हो, कापड जरा आटलंय."

नणंदेच्या नजरेतून मात्र काही सुटलं नव्हतं. "वहिनी, यंदा दादाला नेऊ नकोस," ती निघायच्या आधी म्हणाली होती. "माझ्याकडे राहू दे. तळमजला आहे, घरात माणसं आहेत. तू दिवसभर दुकानात असतेस, तुझ्या एकटीच्याने कसं निभणार? आणि ऐक, एकदा जरी दादा हरवला ना, तर मी त्याला कायमचा घेऊन जाईन. मग रागावू नकोस." दुष्टपणाने बोलली असती तर काकूंनी दोन शब्द सुनावले असते. पण ती डोळ्यांत पाणी आणून बोलली.

काकूंनी त्या रात्री काकांच्या जाकिटाच्या कॉलरच्या आत एक छोटी पट्टी शिवली. त्यावर आपला फोन नंबर, निळ्या दोऱ्याने. "हे काय?" काकांनी विचारलं. "कंपनीचं लेबल," काकू म्हणाल्या.

जाणं नीट पार पडलं. येणंही नीट पार पडत होतं, विमानतळावरच्या त्या दोन पाट्यांपर्यंत.

"चल, मी पुढे जातो," म्हणत काका सवयीने आपल्या रांगेकडे वळले. आता काकूंनी एवढंच म्हणायला हवं होतं की, "आज माझ्या रांगेत या." पण का, असं त्यांनी विचारलं असतं. इतकी वर्षं नाही ते आजच का? त्या प्रश्नाचं खरं उत्तर नवऱ्याला द्यायचं, तेही शंभर माणसांत, हे काकूंच्याने होईना. त्यांनी आपला वेगळ्या रंगाचा पासपोर्ट पर्समध्ये खोल दडवला, नवऱ्याची बाही धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा 'नागरिक' लिहिलेल्या पाटीखाली घुसल्या. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईने काही विचारलं नाही. काकूंनी तिला "काय गर्दी आहे गं आज!" असं इतक्या झोकात म्हटलं की विचारणार काय?

घुसल्या खऱ्या, पण मान वर करवेना. चुकीच्या रांगेत शिरणाऱ्या अशा परक्यांकडे पलीकडच्या रांगेतून काकू वर्षानुवर्षं जळजळीत नजरेने बघत आल्या होत्या. आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत, असं मनात म्हणायच्या. आणि आज स्वतः त्याच. त्यात ड्रायव्हरकाकांचं लक्ष गेलं.

"अगं, तू इकडे कशी? तुझी रांग तिकडे!" काका खणखणीत आवाजात म्हणाले. जन्मभर ज्या माणसाने उतरायच्या दाराने कुणाला चढू दिलं नाही, तो आणखी काय म्हणणार?

"हळू बोला. आज चालतं म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"म्हणाले हो!"

मागचा गृहस्थ घसा खाकरून, कुणालाच न बोलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नियम काय ते आपल्यालाच, नाही का?" काकूंचे कान तापले. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता.

काउंटरवर काकांचं काम चटकन झालं. काचेचं फाटक उघडलं, काका पलीकडे गेले, फाटक मिटलं. मग काकूंचा पासपोर्ट बाहेर आला आणि तरुण अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, तुम्ही या रांगेत कशा? ही फक्त नागरिकांची."

"ते माझे मिस्टर. आम्ही बरोबर आहोत."

"बरोबर असाल. पण मग त्यांना तुमच्या रांगेत न्यायचं. तुम्हाला यांच्या रांगेत येता येत नाही."

काकूंनी त्याच्याकडे वाकून पाहिलं. एक वाक्य बोललं की काम होणार होतं. माणूस पोराच्या वयाचा होता, चेहऱ्याने भला वाटत होता. पण काका काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर, कान देऊन उभे होते.

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या.

"इतरांच्या रांगेत जा. शेवटून."

"सांगत होतो!" काका काचेपलीकडून म्हणाले, आणि हसले. "जा तू. मी बॅग घेतो, चपला काढून ठेवतो." आणि वळून चालू लागले. त्यांची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत काकू बघत राहिल्या.

इतरांची रांग त्या दिवशी दोऱ्यांच्या वळणांमधून पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. काकू शेवटी उभ्या राहिल्या. काकांचा फोन काकूंच्याच पर्समध्ये होता. बाहेर, दाराशी, नणंद भाच्याची गाडी घेऊन आलेली असणार. काका भलत्याच दाराने गेले तर? एखाद्या बसमध्ये चढून बसले तर? बस दिसली की त्यांचे पाय आपोआप वळायचे. काकूंना स्वतःचाच संताप आला. मोठी आली नवऱ्याची लाज राखणारी! दोन शब्द बोलायचे होते, "माझ्याबरोबर या." तेवढ्यासाठी माणूस घालवून बसले. आता तो नणंदेच्या तळमजल्यावर राहील, आणि मी रविवारी डबा घेऊन भेटायला जाईन. पुढच्याला विनंती करून रांगेत सरकावं असंही एकदा मनात आलं, पण आज एकदा घुसून झालं होतं, पुन्हा तोंड उघडायचा धीर होईना. पायांतले नक्षीचे बूट आवळत होते आणि काकूंना त्याचं बरंच वाटत होतं.

अखेर शिक्का बसला. फाटक उघडलं. काकूंनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, कारण पट्टा लांबूनही दिसायचा. त्यांची लाल कापडाची गाठ बांधलेली बॅग एकटीच गोल फिरत होती. कुणी उचलली नव्हती.

मग त्यांनी खांबाकडे पाहिलं.

खांबाच्या पायथ्याशी, तोंड काकूंकडे करून, नीट जोडीने मांडलेले बूट होते. चपला नव्हेत, बूट. काळे, पुरुषी, जुने. आणि शेजारी ड्रायव्हरकाका नुसत्या मोज्यांवर उभे होते. उजव्या मोज्याच्या अंगठ्यावर काकूंनीच केलेला रफू होता. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती आणि काकांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते काउंटरकडे टक लावून होते, आरशात मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघावं तसे.

"आलीस?" ते म्हणाले. मग चेहरा पडला. "अगं, बॅग कुठली तेच आठवेना. खूप वेळ बघत राहिलो. सगळ्याच आपल्या वाटायला लागल्या. मग म्हटलं, बॅग राहू दे. तुझे पाय तर सुजले असतील ना."

काकूंना रडू फुटलं. वाकून त्यांनी नक्षीचे बूट काढले आणि सुजलेले पाय नवऱ्याच्या बुटांत घातले. बूट होडीएवढे होते, आणि आतून अजून कोमट होते.

"तू घाबरलीस," काका म्हणाले. "मी हरवेन म्हणून तू माझ्या रांगेत आलीस."

"छे हो. आज चालतं म्हणाले म्हणून..."

"आणि हे?" त्यांनी कॉलर उलटून दाखवली. "कंपनी एवढं बारीक शिवते होय? तुझा टाका मला कळत नाही का?"

डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून काकूंनी ते काकांच्या बाहीलाच पुसले.

"मला सांगत जा गं," काका हळू आवाजात म्हणाले. "मला माहीत असतं. अधूनमधून माहीत असतं."

"सांगीन," काकू म्हणाल्या. "आणि बाहेर वन्संनाही सांगणार आहे, दुपारी मी दुकानात असताना दादाजवळ येऊन बसत जा म्हणून. पण घर आपलंच."

"घर आपलंच," काका म्हणाले.

दोघं पट्ट्याकडे निघाली, काका मोज्यांवर आणि काकू त्या होड्या फटकफटक ओढत. आपली बॅग आली तशी काकूंनी बोट दाखवलं, काकांनी उचलली. मग एकदा मागे वळून त्यांनी दोन्ही पाट्यांकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी मी तुझ्या रांगेत येतो," ते म्हणाले. "चालतं का तसं?"

"चालतं. पहिल्यापासून चालतं. पण दोघांचे पाय दुखतील."

"दुखू देत," काका म्हणाले.