बुटके कोंबडे आणि लेकीची शपथ

आमच्या सासरी अंगणात अंडं फुटलं तर तेवढी जमीन शेणानं सारवून घ्यायची पद्धत होती. घर माळकरी. सासूबाईंना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि कांदासुद्धा चातुर्मासात घरात यायचा नाही. अशा घरात मी कोंबड्या पाळल्या, हे आजही माझ्या माहेरच्यांना खरं वाटत नाही.

दोष द्यायचा तर माझ्या भावाला देता येईल. तो धुळ्याला कोंबड्यांच्या एका सरकारी शेडवर कामाला होता. एका उन्हाळ्यात मी लेकीला घेऊन माहेरी गेले, तेव्हा त्यानं तिला बँटम या बुटक्या जातीच्या कोंबड्यांची जोडी दाखवली. कबुतराहून जराशा मोठ्या, पायांत पिसांचे मोजे, आणि नर तर असा सोनेरी की त्याच्या शेपटीचा काळा रंगही उन्हात हिरवा चमकायचा. लेक तेव्हा दुसरीतून तिसरीत गेली होती. तिनं त्या नराला उचलून पोटाशी धरलं आणि सोडलंच नाही. मामा लोक भाचीपुढे कधी शहाणपणानं वागले आहेत का? परतीच्या एसटीत आमच्याबरोबर ती जोडी टोपलीत होती. सोनगीरच्या थांब्यावर टोपलीतून बारीक, चिरका आवाज आला, तेव्हा कंडक्टरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "याचं अर्धं तिकीट घेऊ का?" सगळी गाडी हसली. मीही हसले. घरी अक्कांना काय सांगायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

चोपड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर केळीच्या मळ्यातच आमचं घर. अक्कांनी टोपलीत डोकावून बघितलं. लेकीच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या, "पाखरू म्हणून राहू दे. ओट्यावर चढवायचं नाही. आणि अंड्याला या घरातल्या कोणी हात लावायचा नाही." मला वाटलं, सुटलो. घोळ त्या शेवटच्या वाक्यातच होता, ते कळायला सहा महिने गेले.

कारण अंडी तर होणारच. खायची नाहीत. विकायची नाहीत, विकलेली कोणीतरी खाणारच की. फेकायचीही नाहीत, अक्कांच्या हिशेबी अंडं फेकणं म्हणजे जीव फेकणं. मग उरतं काय? प्रत्येक अंडं कोंबडीखालीच राहणार. आणि या बुटक्या जातीला खुडूक बसण्याची भारी हौस. चार अंडी दिसली की आमची कोंबडी पिसं फुलवून बसायची, जवळ गेलं की गुरगुरायची, आणि एकवीस दिवसांनी तिच्या पंखाखालून पिवळी तोंडं बाहेर यायची. घरभर आनंद. अक्का स्वतः ज्वारीच्या कण्या टाकायच्या आणि "खा गं बायांनो" म्हणायच्या. शाकाहारी माणसांनी कोंबड्या पाळल्या की त्या अशा वाढतात.

बायांची काहीच अडचण नव्हती. अडचण बाप्यांची होती. निम्मी पिल्लं नर निघायची, आणि तुरे लाल झाले की एकमेकांच्या जिवावर उठायची. आकार एवढासा, पण राग बैलाचा. एका सकाळी लेकीच्या लाडक्या सोनेरी कोंबड्यानं आपल्याच पोराचा डोळा फोडला. रक्त बघून लेक अक्कांकडे धावली, आणि अक्का म्हणाल्या, "हे घरात चालायचं नाही." आमचे हे म्हणाले, बाजारात देऊन टाक. अक्का म्हणाल्या, बाजारात म्हणजे सुरीखाली. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ते कोंबडे मी घातले होते.

आमच्या सालदाराची, म्हणजे सालानं ठेवलेल्या गड्याची, बायको आमच्याकडे कामाला यायची. गोठा, धुणं, केळीच्या खोडांची साफसफाई, सगळं तीच. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ, हातानं चपळ. त्यांच्याकडे कोंबडी खायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो एकडोळ्या कोंबडा डालग्याखाली झाकून मी तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हा घेऊन जा. पाळ." लेक शेजारीच उभी होती, डोळे भरलेले. तिच्यासाठी मी पुढं म्हणाले, "पण कापायचा नाही हं. माझ्या लेकीची शपथ आहे तुला."

आमच्या भागात शपथ घातली की घातली. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं "सुटली" म्हटल्याशिवाय ती उतरत नाही. आणि मोडली तर जिच्या नावाची, तिच्यावर जाते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी चिंचेच्या बोटकासाठी आम्ही अशा शपथा घालायचो आणि "सुटली म्हण, सुटली म्हण" करत एकमेकींच्या मागे धावायचो. त्या दिवशी मी ती लेकीचे डोळे पुसायला घातली. सालदारणीनं लेकीकडे बघितलं, आणि ती डालगं उचलून निघाली.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "कोंबडा कसा आहे गं?"

"मजामा शे, वैनी."

मी मनात म्हणाले, हो, मजेत असणारच, पोटात. आणि गालातल्या गालात हसले. खोटं कसं शिस्तीत बोलते बघ, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. लेकीला "मजेत आहे" एवढं सांगता येत होतं, अक्कांची माळ स्वच्छ होती, आणि पुढे काय झालं ते आम्हाला बघावं लागत नव्हतं.

मग तीच रीत पडली. तुरा लाल झाला की डालगं, डालगं गेलं की "तीच शपथ हं," एवढं मी मान वळवून म्हणायचे, मीठ घालायचं राहिलं असेल तर आठवण करावी तसं. सालदारीण घेऊन जायची. विचारलं की "मजामा शे." दोन पावसाळे गेले. कधी संध्याकाळी वारा गावाकडून आला की लेक केळीच्या बांधावर थबकायची. "आई, ऐक ना, तो आपला आरवतोय." त्या जातीचा आवाज खरंच वेगळा, बारीक, शिट्टीसारखा. मी म्हणायचे, "दुसऱ्या कोणाचा असेल, चल घरी." मला वाटायचं, पोरगी वेडी आहे. ती खरं ऐकत होती, मीच ऐकायचं टाळत होते.

एकदाच सालदारणीनं स्वतःहून काही मागितलं. ज्वारी उसनी मागायला आली होती. अक्कांनी सूप भरून दिली आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "आत्ताच तर सालाची ज्वारी नेली. यांच्या घरी धान्य जातं कुठं?" मी मान हलवली.

हिवाळ्यात सालदारीण दोन दिवस कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन तिच्याकडे गेले. सांगायला लाज वाटते, पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मी पहिल्यांदाच तिच्या दारात जात होते. ती रोज आमच्या चुलीपर्यंत यायची. तिचं घर नाल्यापलीकडे कुठंतरी आहे एवढंच मला माहीत होतं.

नाला ओलांडला तेव्हाच आवाज सुरू झाले. बारीक, चिरके, एकावर एक. लेक माझा हात सोडून पळाली.

अंगण म्हणजे दोन खाटा मावतील एवढं. त्यात ओळीनं खुंट्या ठोकलेल्या. प्रत्येक खुंटीला सुतळी, प्रत्येक सुतळीला एक कोंबडा, एकमेकांपर्यंत चोच पोचणार नाही एवढ्या अंतरावर. प्रत्येकापुढे पाण्याची करवंटी. सोनेरी, तांबडे, ठिपक्यांचे, पायांत मोजे. आणि पहिल्या खुंटीला तो एकडोळ्या, मान तिरकी करून आमच्याकडे बघणारा. लेक त्याच्यापुढे बसून रडत होती आणि हसतही होती.

सालदारीण गोधडी लपेटून दारात बसली होती, तापानं डोळे लाल. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बठ्ठा शेत. मोजी ल्या."

सगळे आहेत, मोजून घ्या, म्हणत होती ती. मी म्हणाले, "तू... ठेवलेस?"

"तुमनी आंडेरनी शपथ व्हती. कशी कापसू?"

मग ती बोलायला लागली, आणि ताप असूनही थांबली नाही. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्यासाठी बाजारातून कोंबडी आणावी लागली, आणि हे सगळे अंगणात बांधलेले. जावयानं विचारलं, इतके कोंबडे असताना विकतची कशाला? काय सांगणार? नवऱ्यानं एकदा दारू पिऊन सुरी काढली तेव्हा ती मध्ये उभी राहिली, आणि त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. पोरं भाकरीतला तुकडा मागे ठेवतात यांच्यासाठी. रात्रभर झोप नाही, एक ओरडला की सगळे. शेवटी ती म्हणाली, "पुण्य तुमनं, नि जुवारी मनी."

हे ती ओरडून म्हणाली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. मी म्हणाले, "अगं, सांगायचं ना मला."

"दर खेपले सांगं, मजामा शे. तुमी हासतस."

ती खरंच तेच सांगत आली होती. माझ्या लेकीच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून हिनं आपल्या पोरांच्या भाकरीतून यांना पोसलं होतं, आणि मी तिला खोटारडी समजून तिच्या तोंडावर हसत होते. वर तिनं खोटं बोलावं, कोंबडे गुपचूप खाऊन टाकावेत, अशीच माझी मनातून इच्छा होती. मला फक्त ते माझ्या तोंडानं म्हणायचं नव्हतं.

"आई, सगळ्यांना घरी नेऊ या," लेक म्हणाली.

नेता आले असते. आमचा मळा केवढा, बांबू आमचे, माणसं आमची. दहा खुराडी बांधून प्रत्येकाला वेगळं ठेवता आलं असतं. हे मला तिथं उभ्या उभ्याच सुचलं होतं. पण अक्कांचं बोलणं, आमच्या यांची कटकट, रोजचं दाणापाणी, पुन्हा नवी पिल्लं. सालदारणीनं एवढ्याशा अंगणात जे केलं, ते मला एवढ्या मळ्यात नको होतं. मी लेकीकडे बघितलं नाही.

"सुटनी म्हना, वैनी," सालदारीण म्हणाली.

मी मान हलवली, म्हणजे होकार दिला असं मला वाटलं.

"तसं नई चालस. तोंडघाई म्हना. पोरना डोकावर हात ठेईसन."

दोन वर्षं जे काम मी मान वळवून करत आले होते, ते आता समोर बघून, तोंडानं बोलून करायचं होतं. मी खाली वाकले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या मांडीवर एकडोळ्या निवांत बसला होता, डोळा मिटून. लेकीनं वर बघितलं, आणि मला कळलं की तिला सगळं समजतंय. चिंचेच्या बोटकांच्या शपथा तीही खेळायचीच.

"सुटली," मी म्हणाले.

सालदारणीनं डोळे मिटून श्वास सोडला, डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यासारखा. मग लेकीकडे बघून हळूच म्हणाली, "आज नई. आज पोर देखी राह्यनी." आणि तिनं मला दारातूनच जायची खूण केली.

वाटेत नाल्यापाशी लेकीनं विचारलं, "सुटली म्हणजे आता कापणार ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले. कोंबड्यांबद्दल मी तिला पहिल्यांदाच खरं सांगितलं. तिनं माझा हात धरला नाही. घरापर्यंत ती दोन पावलं पुढं चालत राहिली, आणि त्यानंतर वाऱ्यावर कोणाचाही आवाज आला तरी ती बांधावर थांबली नाही.

अक्कांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. माळेचे मणी ओढत त्या एवढंच म्हणाल्या, "आता अंडी बसवू नको." कोणी हात लावायचा, ते त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुराड्यात हात घातला. कोंबडी पिसं फुलवून बसली होती. तिनं माझ्या मनगटावर चोच मारली, दोनदा, रक्त येईपर्यंत. बरोबरच होतं तिचं. मी तिच्या पोटाखालून अंडी काढली. ती ऊनऊन होती, आणि हातात धरताना मला फार वाईट वाटलं. पदरात घेऊन मी नाला ओलांडला.

अंगणातल्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या. पहिलीही. मी बघितलं, नजर वळवली नाही, आणि पदर पुढं केला. "ही पोरांसाठी. रोज आणून देईन."

सालदारणीचा ताप उतरला होता. तिनं अंड्यांकडे बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं. हात मात्र पुढं केला नाही.

"वैनी," ती म्हणाली, "यास्ले काही शपथ नई ना?"